खोटी चकती

ही गोष्ट सांगताना मी आधी पंखा बंद करायला लावते. उन्हाळा असला तरी. ऐकणारे कुरकुरतात, पदराने वारा घेतात, कुणीतरी म्हणतं, "बाई, घामाघूम करून मग भूत दाखवता का?" मी ऐकत नाही. या गोष्टीत जे आहे ते फार बारीक आहे. सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या नाकात श्वास अडकतो आणि सुटतो, अडकतो आणि सुटतो, तेवढंच. मी ते नाकाने करून दाखवते. फार छान जमतं मला. एकदा शाळेच्या स्टाफरूममध्ये दाखवलं तर गणिताच्या सरांनी उठून कपाटामागे वाकून पाहिलं होतं. नंतर म्हणाले, खडू शोधत होतो.

तुम्ही वाचणारे आहात, तेव्हा तुमचा पंखा काही मला बंद करता येणार नाही. पण जमलं तर करा.

तेव्हा आम्ही बदनापूरला राहायचो. एकामागे एक अशा तीन खोल्या. पुढची बसायची, मागची स्वयंपाकाची, आणि मधली, जिला एकही खिडकी नव्हती. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. नवरा जालन्याला बियाण्यांच्या कंपनीत होता. ओल्या कागदावर बी मांडायचं, त्याची गुंडाळी करून ठेवायची, आणि काही दिवसांनी उलगडून किती उगवलं आणि किती नाही ते बघायचं, हे त्यांचं काम. सासूबाई वाटूरहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या, कारण मला दिवस गेले होते. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. सहावा महिना संपत आला आणि पोट पडलं. आमच्याकडे असंच म्हणतात, भिंत पडावी तसं. मला जालन्याला नेलं, परत आणलं. मी काही पाहिलं नाही, मला पाहू दिलं नाही. नवरा आणि त्यांचे काका वाटूरच्या शेतात बांधावर जाऊन आले. आल्यावर नवरा हातपाय धुवायला मोरीत गेला आणि इतका वेळ पाणी पडत राहिलं की शेवटी आत्याबाईंनी बाहेरून कडी वाजवली. मुलगा होता की मुलगी, हे मी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही. म्हणून मी अजूनही 'ते' म्हणते.

आता रात्रीची भुतं काय, कुणालाही दिसतात. त्यांना अंधाराची मदत असते. माझं दुपारचं होतं.

त्या वर्षी आमच्याकडे लाइट रोज दुपारी जायची. उन्हामुळे पुढचं-मागचं दार लावलेलं, आत्याबाई पुढच्या खोलीत निजलेल्या, मी मधल्या खोलीत सतरंजीवर. डोक्यावर पंखा फिरतोय. मग लाइट जायची. पंखा एकदम थांबत नाही, तुम्हालाही माहीत आहे. तो आधी मंदावतो, पाती वेगळी दिसायला लागतात, एक शेवटची करकर होते, आणि मग एवढी शांतता पडते की कानात कुणी बोट घातल्यासारखं वाटतं. त्या शांततेत ते आलं. खोलीच्या कोपऱ्यात, गोधड्यांच्या वळकटीजवळ. अडकतंय आणि सुटतंय. नाक चोंदलेलं, झोप गाढ.

मी उठून वळकटी उलगडली. एकेक गोधडी झटकली. काही नव्हतं. गोधड्या पुन्हा रचल्या, आडवी झाले, तर पुन्हा चालू. आत्याबाई घोरतात म्हणावं, तर त्या कुशीवर वळून माझ्याचकडे बघत होत्या.

"काय हुडकून राह्यली गं भर दुपारी?"

"मांजर शिरलं वाटतं, आत्याबाई."

"मांजर असतं तर म्या ऐकलं नसतं का?"

म्हणजे त्यांना ऐकू येत नव्हतं.

ते रोज यायला लागलं. सगळी गल्ली लाइटवाल्यांना शिव्या द्यायची आणि मी लाइट जायच्या आधीच सतरंजीवर जाऊन पडायचे. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू. छाती अशी धडधडायची की पदर हललेला दिसायचा. आणि ही धडधड दुपारपुरती राहिली नाही. वर्गात पोरांची हजेरी घेतली की वाटायचं, एक कमी आहे. पुन्हा घ्यायचे. बरोबर भरायची. तरी वाटायचं, एक कमी आहे. पोरं हसायला लागली. एक पोरगी म्हणाली, "बाई, आम्ही सगळे हावोत." अंगणवाडीसमोरून जायचा रस्ता मी सोडला. मग बाजाराचा सोडला. मग दाराबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की हातपाय गार पडायला लागले.

आत्याबाईंनी निदान केलं, "हिच्या जिवाला घोर लागलाय." आणि मला घेऊन त्या जालन्याला, ज्या दवाखान्यात मला नेलं होतं तिथे गेल्या.

तिथल्या डॉक्टर मॅडम थोडं बोलायच्या आणि पुष्कळ ऐकायच्या. त्यांनी सांगितलं की ज्या बायकांची पोटं पडली आहेत आणि त्यानंतर जीव थाऱ्यावर राहिलेला नाही, अशांसाठी एक संशोधन चालू आहे. पुण्याहून यंत्र आलंय. गोळी नाही, सुई नाही, चिरफाड नाही. डोक्याला बाहेरून एक चकती लावायची, तिच्यातून चुंबकाचे ठोके मेंदूत जातात. चालेल का?

यंत्राच्या खोलीत पुण्या-मुंबईकडे वाढलेला एक तरुण डॉक्टर होता. मराठी बोलायचा, पण घासून पुसून. बाकावर माझ्याआधी अंकुशनगरची एक बाई होती. तिचा नवरा तिथल्या साखर कारखान्यात कामाला, आणि तिचं असं दोनदा झालं होतं. आत्याबाईंना बाहेर बसवून आम्हा दोघींना आत घेतलं. डॉक्टर तिला विचारू लागला.

"काय त्रास होतो, ताई?"

"घोर लागतो, साहेब."

"रोज?"

"रोजच की. दिवसाबी लागतो."

"दिवसा पण?" त्याने लिहिलं. "घरातले काय म्हणतात?"

"काय म्हणतेत? म्हणतेत, एवढा घोर करू नको."

"उताणं झोपलं की जास्त होतं का?"

बाईने विचार केला. "आता उताणं काय न् पालथं काय, साहेब. घोर तो घोरच."

"नाकाचं हाड कधी तपासलं होतं का?"

बाईचा हात आपोआप नाकातल्या फुलीवर गेला. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ह्यो बराबर डागदर हाय ना?"

मला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी हसत होते. मी त्याला सांगितलं की साहेब, ही बाई घोरत नाही. घोर म्हणजे काळजी. जिवाला पोखरते ती. तो कानापर्यंत लाल झाला, लिहिलेलं खोडलं, आणि मग तोही हसायला लागला. हसता हसता मला म्हणाला, "म्हणजे तुमच्या घरीही कुणी घोरत नाही?"

"घोरतं ना," मीही हसत हसत म्हणून गेले. "दुपारी."

"कोण?"

हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं. उतरवायचं कसं ते कळेना. अंकुशनगरची बाई माझ्याकडे बघत होती. ती बाकावर सरकून आपला गुडघा माझ्या गुडघ्याला लावून बसली. डॉक्टरने पेन खाली ठेवलं, आणि मी त्याला दुपारचं ते सगळं सांगून टाकलं.

"घरात कुणाला सांगितलंय?"

"नाही."

मग मॅडम आल्या आणि विचारू लागल्या. ते बोलतं का? काही करायला सांगतं का? दिसतं का? नाही, नाही, नाही. नुसतं झोपलेलं असतं. मॅडम म्हणाल्या, गेलेल्यांची चाहूल मागे राहिलेल्यांना येते, हे आम्ही पुष्कळदा पाहतो; त्याला वेड म्हणत नाहीत. त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की मला रडू आलं. मग म्हणाल्या, "धडधड कमी झाली की बहुतेक तेही थांबेल."

आणि इथे माझी खरी पंचाईत झाली. धडधड जायला हवी होती. मला वर्गात शिकवायचं होतं, बाजारात जायचं होतं, माणसासारखं जगायचं होतं. पण ते? ते थांबलं तर माझ्याजवळ त्याचं दुसरं काय होतं? नाव नव्हतं. चेहरा नव्हता. अंगडं शिवलेलं नव्हतं, आधी शिवू नये म्हणतात म्हणून. सगळा मिळून तेवढा एक चोंदलेला श्वास.

मी यंत्राला हो म्हणाले आणि त्याच तोंडाने मनात नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायकांना एकत्र बसवून कागद दिला. सही करायच्या आधी वाचायचा होता. मी बाई, म्हणजे शाळेची, म्हणून मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे. कागदाची मराठी अशी होती की ती मराठी आहे हे वरच्या शीर्षकावरून कळायचं. 'मेंदूस उत्तेजन' वाचल्यावर मला शाळेतलं उत्तेजनार्थ बक्षीसच आठवलं. पहिला, दुसरा, तिसरा येत नाही, त्याला रडू नये म्हणून देतात ते. म्हटलं, चला, माझ्या मेंदूलाही मिळालं. पुढे होतं, 'काही सहभागींना मिथ्या उत्तेजन देण्यात येईल.'

"मिथ्या म्हंजे काय?" अंकुशनगरच्या बाईने विचारलं.

"खोटं," मी म्हणाले. "दोन चकत्या आहेत. एक खरी, एक खोटी. दिसायला सारख्या, आवाज सारखा. पण खोटीतून काही येत नाही. कुणाला कोणती लागली हे शेवटपर्यंत कुणाला कळणार नाही. लावणाऱ्या डॉक्टरलाही नाही."

मला वाटलं, आता भांडण होणार. एवढ्या लांबून, भाडं खर्चून यायचं आणि खोटी चकती लावून घ्यायची? पण मागून आत्याबाईंचा आवाज आला, आणि त्या आवाजात चक्क कौतुक होतं.

"डागदरीण लई हुशार हाय."

इथे आत्याबाईंची गोष्ट सांगायला हवी. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांची मुलं गेली होती, एकामागून एक. नवरा जन्मला तेव्हा त्यांनी त्याला उकिरड्यावर ठेवला. ठरल्याप्रमाणे शेजारणीने तो उचलून आपल्या घरी नेला. मग आत्याबाई सुपात ज्वारी घेऊन गेल्या आणि परक्याचं पोर विकत घ्यावं तसा त्याला विकत आणला. वर त्याचं नाक टोचलं, मुलीसारखं. सटवाईला वाटावं, हे त्या बाईचं पोर नव्हेच, हे कुणाचं तरी टाकलेलं खोटं पोर. तिने नजर फिरवावी आणि पुढच्या घरी जावं. ओल्या कागदावर बी मांडणाऱ्या, शास्त्राची पदवी घेतलेल्या माझ्या नवऱ्याच्या डाव्या नाकपुडीत अजूनही ते भोक आहे.

आत्याबाई बायकांना समजावू लागल्या. "बघा, जे आपल्या मागं लागलंय ना, ते काय येडं न्हाई. खरा इलाज केला तर ते खवळतं. खोटी चकती लावायची. आवाज बराबर, खुर्ची बराबर, डागदर बराबर. ते बघतंय लांबून. त्याला वाटंल, हिचा इलाज झाला, आता हितं आपलं काय राह्यलं? जातंय मंग आपल्या वाटेनं."

"म्हंजे खोटी चांगली?" एकीने विचारलं.

"खोटीच चांगली. माझं पोर खोटंच तर जगलं."

डॉक्टर आत आला तर सगळ्या एकसुरात म्हणाल्या, "साहेब, आम्हाला खोटी द्या."

त्याचा चेहरा मी अजून करून दाखवते.

"अहो ताई, खोटी म्हणजे जिचा काही उपयोग नाही ती."

"उपयोग न्हाई तर ठेवली कशाला मंग?"

याला उत्तर होतं, पण त्याला ते सोप्या मराठीत येत नव्हतं. तो मॅडमना बोलावून आणतो म्हणून गेला. मॅडमनी येऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं, बायकांनी मान डोलावली, आणि सही करताना प्रत्येकीने मनात तीच प्रार्थना केली. मीही. त्यांना भूत फसवायचं होतं. मला ते ठेवायचं होतं. पण मागणं एकच: खोटी लागू दे.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "बराबर आहे की. आम्हीसुद्धा एका वाफ्याला नुसतं पाणी मारतो. त्याशिवाय औषधानं काय केलं ते कळणार कसं?"

"म्हणजे मी पाण्याचा वाफा?"

"असशीलही," ते म्हणाले. "पाण्यावरही उगवतं कधी कधी."

पहिल्या दिवशी मात्र सगळ्यांना खरीच चकती लावायची होती, कुणाला किती जोराचा ठोका पुरतो त्याचं माप घ्यायला. नाककानातलं सगळं काढायचं. अंकुशनगरच्या बाईची फुली निघेना, तिला साबण लावून मोरीपाशी दोघीतिघींनी ओढाओढ केली. ती फुलीशिवाय परत आली तेव्हा क्षणभर मला ती ओळखूच आली नाही. कुणीतरी तिची जागा घेऊन आत आल्यासारखी.

मग माझी पाळी. दातांच्या डॉक्टरकडे असते तशी खुर्ची. हात मांडीवर सैल सोडायला सांगितलं. चकती म्हणजे काळ्या रंगाचा इंग्रजी आठाचा आकडा, जड, मुठीला धरलेला. डॉक्टरने तो माझ्या टाळूच्या जरा बाजूला टेकवला. टक्. कुणीतरी कवटीवर टिचकी मारावी तसं. काही झालं नाही. चकती बोटभर सरकवली. टक्.

आणि माझा अंगठा हलला.

मी हलवला नव्हता. माझं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. मांडीवर पडलेल्या माझ्या हाताचा अंगठा आपला आपण उडाला, मासोळीसारखा. आत्याबाई दारातून बघत होत्या. त्या पुटपुटल्या, "आलं बाई अंगात." डॉक्टर म्हणाला, "घाबरू नका, हे असंच व्हायला हवं." पुन्हा टक्, पुन्हा अंगठा.

मी घाबरले नव्हते, ते त्याला कसं सांगू? मला ही गोष्ट माहीत होती. आपल्या अंगात, आपण न हलवता, काहीतरी हलतं. पाचव्या महिन्यात, फळ्यावर लिहिताना, पहिल्यांदा असंच झालं होतं. हातातला खडू तसाच धरून मी उभी राहिले होते. आता मी खुर्चीत बसून अंगठ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, अजून एकदा. डॉक्टर म्हणाला, झालं, माप मिळालं. मी म्हणाले, नीट बघा, साहेब, एकदा अजून बघा.

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. महिनाभर, रविवार सोडून, मी सकाळच्या गाडीने जालन्याला जायचे. दोन्ही चकत्यांच्या मुठींना रंगीत पट्ट्या होत्या, एकीला निळी, एकीला हिरवी. प्रत्येकीला एकच ठरलेली. मला हिरवी. बाकावर याच्यावर मोठी चर्चा. हिरवी चुड्याची, म्हणून खरी. नाही, हिरवी म्हणजे कच्ची, न पिकलेली, म्हणून खोटी. अंकुशनगरच्या बाईला निळी होती, आणि तिने ठरवून टाकलं होतं की निळीच खोटी. "आभाळ निळं दिसतं, हात लावायला गेलं तर हाय का काही?" असा तिचा पुरावा.

कानात कापसाचे बोळे घालायचे, कारण ठोक्यांचा आवाज मोठा. कपाळाच्या कोपऱ्यावर चकती. टकटकटकटक अशी एक लड, मग थोडी शांतता, मग पुन्हा लड. पहिले काही दिवस मी त्या शांततेत खोलीतला पाण्याचा माठ बघत बसायचे. मग एके दिवशी लड थांबली, आणि कानात बोळे असताना, बाहेरचं सगळं बंद असताना, ते आलं. अडकतंय आणि सुटतंय. कोपऱ्यातून नव्हे. वळकटी तर तिकडे बदनापूरला होती. बोळ्यांच्या आतल्या बाजूने येत होतं.

म्हणजे ते खोलीत कधीच नव्हतं.

अंगावर काटा आला, आणि त्याच्या मागोमाग एक विचित्र आनंद. घर बदललं तरी ते मागे राहणार नव्हतं. मी त्याला जालन्याला घेऊन आले होते. गाडीत, जिपेत, बायकांच्या गर्दीत, सगळीकडे ते माझ्याबरोबर निजलेलं होतं. लोक प्रवासात मूल सांभाळतात तसं मी त्यानंतर डोकं सांभाळून चालायला लागले. दारातून वाकून जायचे. धक्का लागू द्यायचे नाही.

आणि चकती तिथेच, त्याच्या उशाशी, टकटकत होती.

एक दिवस मी डॉक्टरला विचारलं, "साहेब, माझी खोटी आहे का?"

"मला खरंच माहीत नाही, ताई."

"अंदाज?"

"अंदाज करायलाही बंदी आहे." मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला नको असेल तर कधीही थांबता येतं. कारण सांगायचीही गरज नाही."

मी थांबले नाही. धडधड खरंच कमी होत होती. मी बाजारात जाऊन आले. अंगणवाडीसमोरून गेले, आधी भरभर, मग सावकाश. तिथे एक बाळ सुपाएवढ्या सावलीत निजलं होतं, त्याच्याकडे बघून आले. या गोष्टी मला हव्याच होत्या. आणि दुपारी लाइट गेली की मी आडवी व्हायचे आणि ऐकायचे. ते होतं, पण दूरचं होत चाललं होतं. शेजारच्या घरातलं वाटावं इतकं. मग गल्लीच्या टोकाचं. मग मी श्वास रोखून धरल्याशिवाय कळेना. मग श्वास रोखला तरी कळेना.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी पंखा मंदावला, थांबला, आणि मागे काहीच उरलं नाही. आत्याबाई पुढच्या खोलीत निजल्या होत्या. वळकटी कोपऱ्यात होती. कानात बोटं घालून पाहिलं. आतून माझं रक्त तेवढं वाहत होतं. भरलेल्या खोलीला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी रिकाम्या खोलीला भ्यायले.

पुढचं थोडक्यात सांगते. सगळं संशोधन संपल्यावर, बऱ्याच महिन्यांनी, मॅडमनी आम्हाला बोलावून विचारलं, कुणाला कोणती होती हे जाणून घ्यायचंय का? अंकुशनगरची बाई पुढे झाली. तिला निळी, आणि निळी खोटी निघाली. ती अशी फुलली की जणू निवडून आली. "म्या म्हणलं न्हवतं का? म्हणूनच मी बरी झाले." डॉक्टरने कपाळाला हात लावला. तिच्या पोटात तेव्हा पाचवा महिना होता, आणि माझ्या आत्याबाईंनी तिला तिथेच बजावलं की बाळाचं नाक टोच.

म्हणजे हिरवी खरी, हे मला आपोआप कळलं असं तुम्ही म्हणाल. पण मॅडम म्हणाल्या होत्या की मधेच कुठेतरी पट्ट्यांची अदलाबदल केलेली होती, कुणाची केली ते त्यांच्याकडे लिहिलेलं आहे, आणि ते त्या एकेकीलाच सांगणार. मी विचारलं नाही. खरी निघाली असती तर यंत्राने नेलं. खोटी निघाली असती तर मीच जाऊ दिलं. दोघांपैकी कुणावरही आळ घ्यायची माझी तयारी नव्हती, आणि आजही नाही. मला पुढे मूल झालं की नाही, तेही मी इथे मुद्दाम सांगणार नाही. सगळ्यांना त्याच प्रश्नाची घाई असते, जणू नंतरचं मूल म्हणजे आधीच्याची पावती.

पण ती रिकामी दुपार झाली त्याच्या नंतरचा रविवार सांगायचा राहिला.

नवरा घरी होता. आत्याबाई वाटूरला गेल्या होत्या. जेवून आम्ही दोघं मधल्या खोलीत पडलो होतो. लाइट गेली. पंखा थांबला. मी सवयीने कान दिला, काही नव्हतं, आणि मला राहवलं नाही.

"अहो, आता ते येत नाही," मी म्हणाले.

"काय येत नाही?"

मग मी सगळं सांगितलं. गोधड्या, कोपरा, नाक चोंदलेला श्वास, बोळ्यांच्या आतलं. घरातल्या माणसाला पहिल्यांदा सांगत होते. ते शास्त्र शिकलेले, हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. छताकडे बघत पडून राहिले. मग म्हणाले, "तुझं थांबलं?"

"तुझं म्हणजे?"

"सर्दी झाल्यासारखं असतं ना? आधी अडकतं, मग सुटतं."

उन्हाने तापलेल्या पत्र्यावर काहीतरी तडतडलं. मी त्यांच्याकडे वळले. ते वळले नाहीत.

"माझं न्हाई थांबलं," ते म्हणाले. घरात ते असं बोलत नसत. ही त्यांची लहानपणीची, वाटूरची भाषा. "मी बांधावर ठेवून आल्तो, तवापासून येतं."

"आत्ता?"

"आत्ताबी."

मी जीव कानात गोळा केला. बाहेर एक सायकल गेली. खोलीत काहीही नव्हतं. पुरुषांसाठी चकती नव्हती, खरीही नाही आणि खोटीही नाही. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी सरकून त्यांच्या छातीवर कान ठेवला, मग त्यांच्या कानाला माझा कान लावला, वेड्यासारखा, जणू भिंतीपलीकडचं ऐकायचंय. काही आलं नाही.

"सांगा ना," मी म्हणाले. "कसं येतंय?"

ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग हळूहळू, ओला कागद उलगडताना बोलावं तसं, मला सांगू लागले.